पावाची लादी आणि जुनी पाटी

मुलांनो,

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत एक गंमत झाली. आता मी गंमत म्हणते, पण त्या दिवशी माझे हातपाय गार पडले होते!

तिसरीचा वर्ग चालू होता. बाहेर धो धो पाऊस. खिडकीजवळच्या स्विचबोर्डातून जळका वास यायला लागला, मग बारीकसा धूर. मी मुलांना रांगेने व्हरांड्यात काढलं आणि शिपाईकाकांना ओरडून सांगितलं, "काका, मेन स्विच बंद करा!" काका शाळेत नवीनच होते. त्यांनी भिंतीवरची सूचना वाचली. सूचना कशी, तर अगदी सुबक अक्षरातली, वर प्लास्टिकचं वेष्टण : मेन स्विच जिन्याखालच्या खोलीत आहे. काका धावले. खोलीला कुलूप. किल्ली शोधली, दार उघडलं, तर आत मोडकी बाकं आणि गॅदरिंगचा पुठ्ठ्याचा किल्ला! मेन स्विच दोन वर्षांपूर्वीच फाटकाजवळच्या नव्या मीटर-खोलीत गेला होता. तेवढ्यात वॉचमनच्या लक्षात आलं आणि त्याने तो खटकन खाली ओढला. कुणाला काही झालं नाही, पण मधली तीन-चार मिनिटं मला तीन तासांसारखी वाटली.

आता सांगा, चूक कुणाची? वायरमननी आपलं काम चोख केलं होतं. नवी खोली कोरडी, उंचावर, छान होती. जुन्या शिक्षकांना सगळं ठाऊकच होतं, त्यामुळे भिंतीवरचा कागद कुणी वाचतच नव्हतं. आणि ज्याला ठाऊक नव्हतं, त्याने नेमका तोच वाचला!

संध्याकाळी घरी हा किस्सा सांगितला, तर माझा धाकटा भाऊ हसायला लागला. तो अंधेरीला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. म्हणाला, "ताई, मी सध्या रात्री हेच करतोय. जुने कागद शोधायचे आणि दुरुस्त करायचे." मी म्हटलं, "तुझ्या कॉम्प्युटरात कसले आलेत जिने?" त्यावर त्याने मला जे समजावलं, ते मला चांगलंच आवडलं. तेच आज तुम्हाला सांगते. थोडं अवघड आहे, पण आपण वडापाव खात खात जाऊ.

संगणक चालू केला की सगळ्यांवर देखरेख करणारा एक मोठा प्रोग्रॅम जागा होतो. त्याच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. 'लिनक्स' नावाचं कर्नेल तुम्ही ऐकलं असेल. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ साली लिहायला घेतलं आणि सगळ्या जगाला मोफत देऊन टाकलं. आईच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे, बरं का!

कर्नेलच्या अनेक कामांपैकी एक काम म्हणजे मेमरी वाटणं. कुणी म्हणतं मला ६४ बाइट दे, कुणी म्हणतं १९२ दे. (एक बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराची जागा.) पण बहुतेक संगणकांत मेमरीची पानं पाडलेली असतात ४०९६ बाइटची. ६४ बाइट मागणाऱ्याला अख्खं पान दिलं तर केवढी नासाडी!

आता आपल्या नाक्यावरचे वडापाववाले काका आठवा. बेकरीतून त्यांच्याकडे पाव कसे येतात? लादीने. एकमेकांना चिकटलेले, सगळे एकाच मापाचे. गिऱ्हाईक आलं म्हणून काका अख्खी लादी हातात देत नाहीत, एक पाव तोडतात. कर्नेलही तेच करतं. एक पान घेतं आणि त्याचे सारखे तुकडे पाडतं. ६४ बाइटचे तुकडे पाडले तर एका पानात बरोबर ६४ बसतात. करून पाहा गुणाकार! शिवाय काका गर्दीच्या वेळी काही पाव आधीच चिरून, चटणी लावून ठेवतात ना? तीही युक्ती यात आहे : परत आलेला तुकडा मोडून टाकायचा नाही, पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयार ठेवायचा.

ही कल्पना अमेरिकेतल्या 'सन मायक्रोसिस्टिम्स' कंपनीतल्या जेफ बॉनविक यांनी १९९४ साली मांडली. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'स्लॅब', म्हणजे आपली लादीच की! (मुंबईत स्लॅब म्हटलं की आपल्याला आधी गळकं छत आठवतं, त्याला इलाज नाही.) लिनक्सने ही कल्पना उचलली आणि आपला वाढपी तयार केला. पंगतीत वाढपी असतो ना, तसा हा मेमरीचा वाढपी. इंग्रजीत त्याला ॲलोकेटर म्हणतात. त्याचंही नाव स्लॅबच.

पुढे एकाचे तीन वाढपी झाले. २००६ मध्ये 'स्लॉब' आला, अगदी छोट्या, कमी मेमरीच्या यंत्रांसाठी. २००७ मध्ये ख्रिस्तोफ लॅमिटर यांनी 'स्लब' आणला. जुना स्लॅब हिशेबासाठी पुष्कळ रांगा लावून ठेवायचा. हजारेक प्रोसेसर असलेल्या अवाढव्य यंत्रावर नुसत्या त्या रांगांतच काही गिगाबाइट मेमरी अडकून पडायची! स्लबने या रांगा काढून टाकल्या. त्याच्या नावातला 'यू' म्हणजेच रांगा नसलेला. लवकरच लिनक्सने त्यालाच पहिली पसंती दिली.

तरी तिघेही कितीतरी वर्षं एकाच घरात नांदले. पण एका घरात तीन स्वयंपाकघरं म्हटल्यावर काय होणार? एक सुधारणा करायची तर ती तीनदा करा, तीनदा तपासा. शेवटी सांभाळणाऱ्या मंडळींनी ठरवलं, पुरे झालं. व्लास्टिमिल बाब्का हे त्यांतले एक प्रमुख. आधी नोटीस दिली, लोकांना वेळ दिला. मग जून २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.४ मधून स्लॉब गेला. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ६.८ मधून स्लॅबही गेला. उरला एकटा स्लब.

आणि मेमरी मागणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही! कारण मागायची खिडकी तीच राहिली. पूर्वी जसं मागायचं, तसंच अजूनही मागायचं. फक्त खिडकीमागचा माणूस बदलला.

इथेच आमच्या शाळेच्या जिन्याखालची खोली येते. लिनक्सबरोबर माहितीच्या पानांचा एक मोठा गठ्ठा असतो. काय कसं चालतं, काय कुठे निवडायचं, बिघडलं तर कुठे पाहायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. तो गठ्ठा जोनाथन कॉर्बेट यांनी अनेक वर्षं सांभाळला आहे. (वाघवाले कॉर्बेट वेगळे बरं का, ते जिम!) आता तीन वाढप्यांची नावं या पानांमध्ये जागोजागी विखुरलेली. कुठे 'हे साधन स्लॅब आणि स्लब दोघांबरोबर चालतं', तर कुठे 'तिघांतला एक निवडा'. स्लॅब तर निघून गेला. मग एखादी नवी मुलगी ते पान वाचून निवड करायला जाईल तेव्हा तिला ती निवड सापडणारच नाही. तिला वाटेल, मलाच काही येत नाही. रात्रभर डोकं धरून बसेल बिचारी!

माझा भाऊ म्हणाला, "ताई, प्रोग्रॅममध्ये चूक राहिली की कॉम्प्युटर लगेच ओरडतो. पण माहितीच्या पानात चूक राहिली तर कुणीच ओरडत नाही."

मी म्हटलं, "मग त्यात काय एवढं? सगळीकडे 'स्लॅब' शोध आणि खोडून 'स्लब' लिही. कॉम्प्युटर एका मिनिटात करेल." तो म्हणाला, "आणि मग बॉम्बे डकचं काय करू?"

कळलं का? नाही ना, मलाही कळलं नव्हतं. १९९५ साली आपल्या शहराचं इंग्रजी नाव बॉम्बेचं मुंबई झालं. समजा, एखाद्या उत्साही कारकुनाने एका दमात सगळ्या इंग्रजी कागदांवर बॉम्बे खोडून मुंबई लिहिलं, तर काय होईल? पवईची संस्था इंग्रजीत आजही 'आयआयटी बॉम्बे' आहे. हायकोर्टाचं इंग्रजी नाव अजून 'बॉम्बे हायकोर्ट'च आहे. आणि आपल्या बोंबलाला इंग्रजीत बॉम्बे डक म्हणतात, त्याचा होईल मुंबई डक! (आमच्या घरी त्या रात्री बोंबीलच होते. त्याला नेमकं हेच उदाहरण का सुचलं, ते मला नंतर उमगलं.)

स्लॅबचं अगदी असंच आहे. स्लॅब नावाचा वाढपी गेला, पण लादी ही कल्पना कुठे गेली? स्लबसुद्धा लाद्याच वापरतो. इंग्रजीत वाढप्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत होती आणि लादी या अर्थाचा शब्द छोट्या अक्षरांत. मराठीत ही सोय नाही, म्हणून मला सांगताना कसरत करावी लागतेय! तेव्हा वाटेल की मोठ्या अक्षरांतलं तेवढं खोडा, झालं. तसंही नाही. मेमरी मागताना काही खास सूचना द्यायच्या असतात, त्यांची नावं मोठ्या अक्षरांतल्या स्लॅबनेच सुरू होतात, आणि ती आजही चालू आहेत. मेमरीचा हिशेब दाखवणारी 'स्लॅबइन्फो' नावाची फाइल आहे, तीही तशीच आहे. याहून मजा म्हणजे, बिघाड शोधण्यासाठी संगणक सुरू करताना जे शब्द द्यायचे, त्यांची नावं स्लबवरून होती. २०२४ मध्ये ती बदलून पुन्हा स्लॅबवरून ठेवली! आता वाढपी एकच उरला, तर घराण्याचं नाव लावू, असा विचार. जुने शब्दही चालतात, नाही तर कितीतरी जणांची पंचाईत झाली असती.

म्हणून प्रत्येक ठिकाणी थांबून वाचावं लागतं. इथला स्लॅब म्हणजे गेलेला वाढपी की लादी? वाढपी असेल तर वाक्य बदलायचं. लादी असेल तर हात लावायचा नाही. आणि जुनी हकीकत म्हणून नाव आलं असेल तरीही हात लावायचा नाही. माझ्या जन्माच्या दाखल्यावर इंग्रजीत बॉम्बे लिहिलंय. ते चूक आहे का? मी जन्मले तेव्हा तेच नाव होतं!

दुरुस्ती करणारा आपला बदल ईमेलने पाठवतो. खाली स्वतःचं नाव लिहून जबाबदारी घेतो आणि बदल का केला तेही लिहितो. मग जाणकार मंडळी तपासतात, कधी परत पाठवतात. माझ्या भावाचा पहिला बदल परत आला होता, एका शब्दासाठी. त्याने लादी खोडली होती! दोन दिवस फुगून बसला, मग नीट वाचून पुन्हा पाठवला. सगळा बदल मिळून चार ओळींचा. मी त्याला म्हटलं, "एवढ्याशा कामाला एवढे दिवस?" तो म्हणाला, "ताई, ओळी चारच बदलल्या, पण वाचावी लागली चाळीस पानं."

तुमच्यापैकी आठवी-नववीच्या ज्या मुलांना लिनक्सची तोंडओळख करून घ्यायची असेल, त्यांच्यासाठी आयआयटी बॉम्बेने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे मोफत पाठ केले आहेत, मराठीतूनसुद्धा. आई-बाबांना सांगून पाहा.

आमच्या शाळेतल्या सूचनेचं काय झालं, ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी मी नवा कागद लिहून चिकटवला : मेन स्विच फाटकाजवळच्या मीटर-खोलीत आहे. तिसरीतली एक चिमुरडी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बाई, पण दुसऱ्या मजल्यावर पण तोच जुना कागद आहे." आम्ही दोघींनी सगळी शाळा पालथी घातली. जुने कागद निघाले पाच! एक तर स्वयंपाकघराच्या दारामागे होता. आणि जिन्याखालच्या खोलीच्या दारावर ऑइलपेंटने लिहिलेलं 'मेन स्विच' अजून तसंच होतं. ते खरवडायला शिपाईकाकांना अख्खा शनिवार लागला.

आता या वेळचं कोडं. एका पानात ४०९६ बाइट असतात. त्यात प्रत्येकी १९२ बाइटचे तुकडे पाडले, तर तुकडे किती होतील आणि शेवटी किती बाइट उरतील? कर्नेलमध्ये १९२ बाइटच्या मापाचे तुकडे खरोखरच असतात, तेव्हा हा हिशेब त्यालाही चुकलेला नाही. उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, आणि नुसतं उत्तर नको, भागाकार करून दाखवा. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.

तुमच्या बाई