विश्लेषण : नमाज अरबीत, मग दुआ मराठीत मागता येते का?

मुलांची परीक्षा, घरातल्या कोणाची शस्त्रक्रिया, हजला निघालेले शेजारी... मुस्लिम घरांत अशा प्रत्येक प्रसंगी ‘दुआ करा’ असे आवर्जून सांगितले जाते. पण ज्यांची घरची भाषा मराठी, कोकणी किंवा दखनी आहे, त्यांच्यापैकी अनेकांना एक शंका असते. अरबी नीट येत नसेल, तर आपली दुआ कबूल होईल का? त्यातच ‘ही दुआ अकरा जणांना पाठवा, इच्छा पूर्ण होईल’ असे संदेश मोबाइलवर येऊन धडकतात. दुआ म्हणजे नेमके काय आणि तिचे नियम कोणते, हे समजून घेऊ.

नमाज आणि दुआ यांत फरक काय?

नमाज ही ठरलेली उपासना आहे. दिवसातून पाच वेळा, वजू करून, मक्केतील काबाच्या दिशेने तोंड करून, ठरलेल्या क्रमाने ती अदा करायची असते. पाच वेळच्या फर्ज नमाजच्या मिळून १७ रकात होतात आणि तिचे पठण अरबीतच होते.

‘दुआ’ हा शब्द मात्र हाक मारणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. माणसाने अल्लाहला घातलेली साद म्हणजे दुआ. तिला वेळेचे, जागेचे किंवा दिशेचे बंधन नाही. वजू असणे चांगले मानले जाते, पण त्याची सक्ती नाही. रुग्णालयातल्या खाटेवरून, एसटीत बसून किंवा स्वयंपाक करतानाही ती मागता येते. मासिक पाळीच्या दिवसांत महिलांना नमाज माफ असते, दुआ मात्र त्या दिवसांतही करता येते.

मग ती मराठीत चालते का?

होय. नमाजच्या बाहेर कोणत्याही भाषेत दुआ मागता येते, याबाबत उलेमांमध्ये फारसा वाद नाही. नमाज सुरू असताना मात्र स्वतःच्या भाषेत काही मागणे टाळावे, असे हनफी आणि शाफई हे दोन्ही पंथ सांगतात. भारतातील बहुतेक सुन्नी मुस्लिम हनफी आहेत, तर कोकणी मुस्लिम परंपरेने शाफई आहेत.

कुरआन आणि हदीसमध्ये आलेल्या अरबी दुआंचे स्थान अर्थातच वेगळे आहे. ‘हिस्नुल मुस्लिम’सारख्या संग्रहांमुळे त्या आता मोबाइलवरही सहज मिळतात. अडचण येते ती लिपीची. देवनागरीत लिहिलेली अरबी वाचताना काही उच्चार हरवतात. अरबीत ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. नुक्ता गळला की दोन्ही शब्द सारखेच दिसतात. म्हणून अरबी दुआ जाणकाराकडून ऐकून शिकावी, तिचा अर्थ समजून घ्यावा आणि मनातले मात्र आपल्या भाषेत बोलावे, हा सोपा मार्ग आहे.

दुआ मागण्याची रीत काय?

आधी अल्लाहची स्तुती, मग पैगंबरांवर दरूद, त्यानंतर चुकांची कबुली व क्षमायाचना आणि मग मागणे, असा क्रम सांगितला जातो. हात छातीपर्यंत उचलून, नम्रपणे, हळू आवाजात मागावे आणि शेवटी ‘आमीन’ म्हणावे. रात्रीचा शेवटचा प्रहर, अजान आणि इकामतमधला वेळ, सजदा व रोजा सोडण्याची वेळ हे क्षण विशेष मानले जातात. स्वतःबरोबर आईवडिलांसाठी आणि इतरांसाठीही मागावे, अशी शिकवण आहे. समोर नसलेल्या भावासाठी दुआ केली, तर फरिश्ता ‘तुलाही तेच मिळो’ म्हणतो, अशा आशयाची हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे.

मतभेद कुठे आहेत?

नमाजनंतर इमामांसोबत सामूहिक दुआ करण्याची पद्धत आपल्याकडील अनेक मशिदींत आहे. अहले हदीस पंथाला ती नियमित प्रथा म्हणून मान्य नाही. दर्ग्यात वलींच्या वसिल्याने, म्हणजे त्यांच्या माध्यमातून मागण्यावरूनही बरेलवी, देवबंदी आणि अहले हदीस यांची मते वेगवेगळी आहेत. मात्र दुआ ऐकणारा आणि देणारा अल्लाहच, हे सर्वांना मान्य आहे.

दुआ कबूल झाली नाही तर?

हदीसनुसार दुआ वाया जात नाही. मागितलेले मिळते, त्याऐवजी एखादे संकट टळते किंवा तिचे फळ आखिरतसाठी राखून ठेवले जाते. ‘मागितले, पण मिळाले नाही’ असे म्हणत घाई करून सोडून देऊ नये, असेही बजावले आहे.

म्हणून दुआ प्रयत्नांची जागा घेत नाही. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही पैगंबरांची शिकवण ‘तिर्मिजी’त आहे. आजारात उपचार घेण्यासही त्यांनी सांगितले. दवा आणि दुआ बरोबरीने चालतात. रुग्णाचे औषध थांबवून केवळ पठणावर विसंबायला सांगणाऱ्यापासून सावध राहिलेलेच बरे.

फॉरवर्डचे काय करायचे?

अमुक इतक्या जणांना संदेश पाठवला तरच दुआ कबूल होईल, या अटीला कुरआन किंवा हदीसचा आधार नाही. न पाठवल्यास अनर्थ होईल, ही भीतीही निराधार आहे. असा संदेश पुढे न पाठवल्याने कोणाचेही काही बिघडत नाही.

मी जवळच आहे आणि हाक मारणाऱ्याला उत्तर देतो, असा आशय कुरआनच्या दुसऱ्या सूरहमधील १८६ व्या आयतीत आहे. तिथे भाषेची अट नाही की मध्यस्थाची. अरबी येत नाही म्हणून गप्प राहणाऱ्या आजीला आणि फॉरवर्डला घाबरणाऱ्या नातवाला हे सांगणे घरातल्या जाणत्यांचे आणि मशिदीतल्या इमामांचे काम आहे. अरबी शिकणे चांगलेच आहे, पण ती येईपर्यंत कोणी दुआ थांबवून ठेवण्याचे कारण नाही.