मधली चोवीस वर्षं

रॅप म्हटलं की आपल्या घरांत शिवीगाळ आणि धांगडधिंगाच आठवतो. त्यामुळे यासीन बे हे नाव फार थोड्या वाचकांनी ऐकलं असेल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला हा मुस्लिम रॅपर आधी मॉस डेफ नावाने ओळखला जायचा. 1999 मधला त्याचा स्वतंत्र अल्बम 'बिस्मिल्लाह'नेच सुरू होतो.

त्याच्या आदल्या वर्षी त्याने तालिब क्वेली या मित्राबरोबर 'ब्लॅक स्टार' नावाने एक अल्बम काढला होता. रॅपमध्ये बंदुकीचा तोरा मिरवण्याचे ते दिवस. या दोघांनी त्या खूनखराब्याविरुद्ध आणि काळ्या माणसाच्या इज्जतीबद्दल लिहिलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. दुसरा अल्बम मात्र आला तो थेट 2022 च्या मे महिन्यात! दोघंही आपापलं काम करत होते, पण जोडीचं नाव लावून त्यांनी घाईने दुसरा अल्बम विकायला काढला नाही. नाव ठेवलं 'नो फिअर ऑफ टाइम', म्हणजे काळाची भीती नाही.

आपल्याकडे कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी. 2014 मध्ये आयपॅडवर केलेल्या 'आफत' गाण्याने तो गाजला. पुढे 'गली बॉय' चित्रपटाला त्याच्या आयुष्याचाही आधार मिळाला, पण चित्रपट येण्याआधीच तो गप्प झाला होता. दीन आणि घर यांचा विचार त्यामागे होता, असं त्याने नंतर सांगितलं. 2020 मध्ये त्याचा अल्बम आला, नाव 'मगरिब'.

हे सांगायचं कारण आमच्या कसबा बावड्यातली पोरं. मोबाईलवर ठेका लावून निम्मं दखनी, निम्मं मराठी म्हणतात. आठवडाभर रील टाकली नाही की दोस्त म्हणतात, "संपला बे." घरी अब्बू म्हणतात, "बरं झालं, बला टळली." संगीत जायज की नाजायज, हा उलेमांचा जुना वाद, तो आम्ही इथे सोडवणार नाही. पण सगनभाऊ आणि अमर शेख यांच्यासारखे शाहीर ज्या समाजाने दिले, त्याने पोराची वही न वाचताच फाडावी?

नववीतल्या एकाने रमजानपासून काही टाकलेलं नाही. आम्ही त्याची वही मागितली. आठ पानं खोडलेली होती. नवव्या पानावर पंचगंगेचा पूर आणि घरात शिरलेल्या पाण्यातून कुराण शरीफ डोक्यावर घेऊन निघालेली त्याची दादी होती. चार ओळी झाल्यात, पाचवी जमत नाही म्हणाला.