किल्ला बघायला जायचंय, एवढंच



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत चार विषय होते. रेशनकार्डावरची नावं, दारूच्या दुकानाविरुद्धचा अर्ज, आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुली आणि शेवटचा विषय 'सहल'. पहिले तीन विषय तासाभरात आटोपले. चौथ्याला रात्रीचे अकरा वाजले. दारूच्या दुकानावर एकमत होणाऱ्या बावीस बायका एका दिवसाच्या फिरण्यावरून इतक्या का भांडल्या, हे मला त्या रात्री नीटसं कळलं नव्हतं. नंतर विचार करताना जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते आहे.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. गटात शेतमजुरी करणाऱ्या आहेत, अंगणवाडीच्या बाई आहेत, शिवणकाम करणाऱ्या दोघी, कॉलेजला जाणारी एक मुलगी, तीन मुसलमान बहिणी, दोन विधवा. सहल कुठे काढायची, यावर पहिली बोलली ती भाजी विकणारी मावशी. म्हणाली, "वेरूळला घृष्णेश्वराला मी चारदा गेले. दरवेळी एसटीच्या खिडकीतून तो दौलताबादचा किल्ला दिसतो. डोंगरावर डोंगर ठेवल्यासारखा. चारदा बघितला, एकदाही उतरले नाही. बरोबरच्यांना देवाची घाई असते. मला तो किल्ला वर चढून बघायचाय."

सगळ्यांना पटलं. खर्चाचंही जमत होतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आधी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनं औरंगाबाद, आणि तिथून वेरूळची गाडी. भाकरी घरून न्यायची. इथवर सगळं सुरळीत होतं.

मग एक जण म्हणाली, "घरी मात्र घृष्णेश्वराचं दर्शन सांगू." दुसरी लगेच, "हो, वाट एकच आहे." आमच्यातली एक मुसलमान बहीण म्हणाली, "आम्ही खुलताबादचा दर्गा सांगतो. तोही त्याच वाटेवर." सगळ्या हसल्या, प्रश्न मिटला असं वाटलं. मीच म्हटलं की हे मला मान्य नाही. भांडण तिथून सुरू झालं.

माझं म्हणणं साधं होतं. आपण घराबाहेर कशाकशासाठी पडतो ते आठवून बघा. कामासाठी, दवाखान्यासाठी, लग्नाला, मयतीला, देवाला. गेल्या काही वर्षांत त्यात मोर्चा आणि शिबिर आलं, तेही भांडून मिळवलं. यातल्या प्रत्येक वेळी आपण दुसऱ्या कोणाच्या तरी कारणाने बाहेर पडलेल्या असतो. मुलाचा नवस, नवऱ्याचं आयुष्य, सासूचा गुडघा, समाजाचं काम. 'मला बघावंसं वाटलं म्हणून' हे कारण आपल्या तोंडून कधी निघत नाही. पुरुष चौकात उभा असतो, त्याला कोणी विचारत नाही कशाला उभा आहेस. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर' या पुस्तकात मुंबईतल्या बायकांविषयी हेच मांडलं. कारणाशिवाय बाहेर असणं हा बाईचाही हक्क आहे. मुंबईत जर बाईला हातात पिशवी धरून कामाला निघाल्याचं दाखवावं लागत असेल, तर आमच्याकडे पूजेचं ताट धरावं लागतं, फरक तेवढाच.

यात देवगिरीचा स्वतःचा असा एक संबंध आहे. बाराव्या शतकात यादव राजा भिल्लम याने तिथं राजधानी केली. पुढे तेराव्या शतकात महादेवराय आणि रामदेवराय यांच्या दरबारात हेमाद्री हा मोठा अधिकारी होता. हेमाडपंती देवळांमुळे त्याचं नाव आपल्याला माहीत असतं. त्याने 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्यातला एक अख्खा खंड व्रतांचा आहे. कोणत्या तिथीला कोणतं व्रत, कोणी करायचं, कसं करायचं, फळ काय. आपल्या आज्यांची सगळी व्रतं त्या ग्रंथातून आली असं मी म्हणत नाही. पण व्रतांची एवढी मोठी जंत्री या किल्ल्याच्या सावलीत लिहिली गेली, आणि सातशे वर्षांनंतर तोच किल्ला बघायला जाताना आम्हाला व्रताचंच निमित्त सांगावं लागतं, हे मला बोचलं.

त्याच काळात, त्याच यादवांच्या राज्यात, चक्रधरांच्या मागे बायका घरदार सोडून निघाल्या होत्या. त्यांना शिष्या म्हणून जागा मिळाली. पाळीचा विटाळ चक्रधरांनी मानला नाही, असं महानुभावांचे ग्रंथ सांगतात. त्या बायकांपैकी महदाइसा. तिच्या धवळ्यांमुळे तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात. प्रश्न विचारणारी, वाद घालणारी, गावोगाव चालणारी बाई. हेमाद्रीचं नाव देवळाच्या दगडादगडाला लागलं. महदाइसा मात्र कॉलेजात मराठी घेतलेल्यांनाच ठाऊक. आमच्या बैठकीत तिचं नाव ऐकलेली एकच मुलगी होती.

माझा मुद्दा मी असा मांडला आणि मला वाटलं, जिंकले. तेव्हा भाजीवाली मावशी म्हणाली, "बाई, तुझ्या घरी खरं सांगितलं तर वाद होईल. माझ्या सुनेच्या घरी खरं सांगितलं तर हात उठेल. तुझा खरेपणा तिच्या पाठीवर कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. चळवळीत आपण पुष्कळदा ही चूक करतो. जिला परवडतं ती धाडसाचा नियम करते, आणि जिला परवडत नाही ती त्या नियमाची किंमत मोजते. म्हणून मी मुकाट्याने माघार घेणार होते. पण त्याच वेळी कॉलेजवाल्या मुलीने एक प्रश्न विचारला. "त्या दिवशी माझी पाळी असली तर?"

दर्शन सांगितलं असेल तर पाळी असलेलीला घरचे निघूच देणार नाहीत. म्हणजे ती गळाली. आमच्यातल्या एका विधवा बहिणीला तिचा दीर म्हणणार, तुझे देव झाले की मागच्याच महिन्यात, आता कशाला? ती गळाली. मुसलमान बहिणी दर्गा सांगून निघाल्या, तर त्यांच्या घरचं एखादं माणूस सोबत येणार आणि त्यांना खुलताबादलाच उतरावं लागणार. घृष्णेश्वर सांगणाऱ्यांना प्रसाद आणून दाखवायचा, म्हणून दुपारी किल्ला अर्धवट सोडून वेरूळ गाठावं लागणार. एकत्र जायचं म्हणून जे निमित्त काढलं, त्याने गटाचे चार तुकडे केले. जातीचे, धर्माचे, विटाळाचे. किल्ल्याला हे काहीच लागत नाही. तो यादवांचा झाला, खिलजींचा झाला, महंमद तुघलकाने १३२७ साली तिथं राजधानी नेली, मग बहमनी, निजामशाही, मुघल, निजाम. त्याला एकट्या कोणाचा म्हणता येत नाही, म्हणूनच तो आपल्या सगळ्यांचा होऊ शकतो. आमच्यातल्या एकीने हळूच विचारलं, "तिथं घोषणा देणारे टोळके असतील का? असले तर आम्ही मागे राहू." तिला हे विचारावं लागलं याची आम्हा बाकीच्यांना लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

शेवटी ठरलं ते असं. घरी कोणी काय सांगायचं ते जिचं तिने ठरवावं. त्यावर बैठकीत कोणी कोणाला जाब विचारायचा नाही. पण गटाच्या वहीत आणि फळ्यावर 'देवगिरी किल्ला पाहणे' एवढंच लिहायचं. ज्यांना शक्य आहे त्यांनी घरी तेच सांगायचं, म्हणजे पुढच्या वर्षी ज्यांना आज शक्य नाही त्यांना ते सोपं जाईल. आणि ज्यांच्या घरी अडचण आहे, तिथं दोघी-दोघींनी जाऊन बोलायचं. विनवणी करायला जायचं नाही, दिवस कळवायला जायचं.

तयारीचंही लिहिते, कारण तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल. दिवस बाजाराचा धरला. त्या दिवशी आमच्याकडे मजुरी नसते, म्हणजे कोणाचा रोज बुडत नाही, आणि सुट्टीची गर्दीही टळते. फक्त आपला बाजार मंगळवारी असेल तर आणि लेणीही बघायची असतील तर तो टाळा, मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच, पायऱ्या शेकडो, तेव्हा सकाळी लवकर चढायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली चांदमिनार आणि हत्ती हौद बघावा, त्यातही अर्धा दिवस जातो. मागे राहणाऱ्यांसोबत पाळीपाळीने दोघी थांबतील. पाणी भरपूर प्यायचं. लघवीला जागा मिळणार नाही या भीतीने आपण सकाळपासून पाणी पीत नाही, आणि मग चक्कर येते. चढण्याआधी खालीच जाऊन घ्यायचं, ही गोष्ट मोठ्याने सांगायची, लाजायचं नाही. ज्यांना साडी चढायला अडते त्यांनी पंजाबी ड्रेस घालावा. यावरही वीस मिनिटं गेली!

खंदक ओलांडला की 'अंधारी' लागते. डोंगराच्या पोटातून वर जाणारी काळोखी, वळणावळणाची वाट. शत्रू आत शिरला तर त्याला दिशा कळू नये, म्हणून कोरलेली. वटवाघळं असतात. आमच्यातल्या बऱ्याच जणींना वटवाघळांची भीती नव्हती. काळोखात मागून येणाऱ्या हातांची होती. म्हणून दोन बॅटऱ्या, एक पुढे, एक मागे, आणि मधे सगळ्यांनी हात धरून चालायचं. सातशे वर्षांपूर्वीच्या शत्रूसाठी केलेल्या अंधाराचा धाक आज बाईला वाटतो, याचा विचार त्या किल्ल्याची देखभाल करणाऱ्यांनीही करावा.

जायच्या आधी एक बैठक किल्ल्याच्या गोष्टींसाठी ठेवली आहे. त्यात एक गोष्ट मी राखून ठेवली आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला तेव्हा रामदेवरायाने किल्ल्यात पोती भरून घेतली, आणि ऐन वेळी त्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. खरं-खोटं असो. मावशीला ही गोष्ट मी सांगितली तर ती म्हणाली, "पोत्याला हात लावणारी एक बाई विचारायला नव्हती का?" डोंगराची कड तासताना निघालेला दगड कोणी वाहिला, हौदांचं पाणी वर कोणी नेलं, हेही कुठं लिहिलेलं नाही. आज कोणत्याही बांधकामावर बघा, पाटी कोणाच्या डोक्यावर असते? आपण तिथं परक्या पाहुण्या म्हणून जात नाही, हे मला त्या बैठकीत सांगायचं आहे.

हे लिहीपर्यंत एकोणीस जणींचं नक्की झालं आहे. दोघींचं अजून चाललं आहे. एका घरी आमच्या दोघी जाऊन आल्या, 'नाही' म्हणून सांगितलं, आणि त्या घरची ती बहीण तेव्हापासून बैठकीलाही आलेली नाही. सहलीचा आनंद यात कमी होतो, पण ही गोष्ट लपवावी असं मला वाटत नाही. काही कार्यकर्त्या विचारतात, एवढे हिंसाचाराचे प्रश्न असताना सहल कशाला? माझं उत्तर एवढंच, की दारूच्या अर्जावर सही करू देणारं घर किल्ला बघायला जाऊ देत नाही. कारण अर्ज घरासाठी असतो आणि किल्ला फक्त तिच्यासाठी. बाईचं स्वतःसाठी असं काही असूच नये, हा धाक जिथून सुरू होतो, हिंसा तिथूनच सुरू होते.

तुमच्या गटाने असं काही ठरवलं असेल, जमलं असेल किंवा फसलं असेल, तर जरूर लिहून कळवा. आणि घरी काय सांगून निघालात, तेही लिहा.