रोजा, रेडिएशन आणि अर्धा लिटर पाणी

गेल्या रमजानातली गोष्ट. परळच्या एका रुग्णालयात रेडिएशन विभागाबाहेर मी बसलो होतो. अब्बांचा नंबर लागला, ते आत गेले आणि थोड्याच वेळात परत बाहेर आले. मागोमाग तंत्रज्ञ आला. “चाचा, पाणी प्यायलात ना?” अब्बा म्हणाले, “हो, प्यायलो.” तो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “स्कॅनमध्ये मूत्राशय रिकामं दिसतंय.”

अब्बांना रोजा होता. तो तुटू नये म्हणून ते पाणी प्यायले नव्हते आणि कुणी तो सोडायला लावू नये म्हणून खोटं बोलले होते. मशीनने ते पकडलं.

हे संपादकीयात लिहू का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “लिही. कुणाच्या तरी बापाच्या उपयोगी पडेल.”

अब्बांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. प्रोस्टेट ही पुरुषांमधली साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. अडचण अशी की ती रोज त्याच जागी सापडत नाही. मूत्राशय किती भरलंय, गुदाशयात मळ किंवा वायू किती आहे, यावर ती काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकते. पूर्वी कातडीवरच्या खुणा आणि एक्स-रेत दिसणारी हाडं बघून नेम धरत. हाडं जागेवर असली तरी ग्रंथी सरकलेली असू शकते. नेम चुकू नये म्हणून आजूबाजूचा जास्त भाग किरणांखाली घ्यावा लागे आणि त्याची झळ मूत्राशयाला नि गुदाशयाला बसे.

आता किरण देण्याआधी रोज त्याच टेबलावर सीटी स्कॅन काढतात. उपचार ठरवताना काढलेल्या मूळ स्कॅनवर तो बसवून पाहतात, टेबल हवं तेवढं सरकवतात आणि मगच किरण सोडतात. प्रतिमा पाहून दिलेलं रेडिएशन म्हणतात ते हेच. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. दोन प्रतिमा एकमेकींवर बसवण्याचं गणित मी इंजिनिअरिंगला असताना शिकलो होतो, त्यामुळे हे सगळं मी अब्बांना मोठ्या उत्साहाने समजावलं होतं. पण टेबल सरकवून रिकामं मूत्राशय भरत नाही. ते भरलेलं असलं की आतडी वर ढकलली जातात आणि मूत्राशयाचाही बराच भाग किरणांच्या वाटेतून दूर राहतो. म्हणून अब्बांना सांगितलं होतं: आधी लघवी करून या, अर्धा लिटर पाणी प्या, पाऊण तास थांबा, मग आत या. असं पंचवीस दिवस.

या पंचवीस दिवसांमागे परळचंच मोठं काम आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली इथे सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी २०११ ते २०१७ या काळात, कॅन्सर पसरण्याचा धोका जास्त असलेल्या २२४ रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर किरण दिले, तर निम्म्यांना प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींवरही. दोन्ही गटांना पंचवीस वेळा आणि रोज प्रतिमा पाहून. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांनंतर पीएसए या रक्तचाचणीवरून आजार आटोक्यात दिसण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८१.२ टक्के होतं, दुसऱ्यात ९५ टक्के. जगण्याच्या प्रमाणात तोवर ठळक फरक नव्हता आणि दुसऱ्या गटात लघवीचे त्रास जास्त होते, हेही त्यांनी मांडलं. पुढे टाटानेच ‘प्राइम’ ही चाचणी हाती घेतली: पंचवीसऐवजी पाचच वेळा किरण देऊन तेवढाच गुण येतो का? फुटपाथवर पथारी टाकून उपचार घेणाऱ्या कुटुंबांसाठी पाच आठवडे आणि दीड आठवडा यात किती अंतर आहे, हे परळमध्ये वेगळं सांगावं लागत नाही.

त्या दिवशी अब्बांना बाकावर बसवून मी विचारलं, “असं का केलंत?” बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “मशिदीत जाणं तर सुटलंच आहे. निदान रोजे तरी राहू दे.”

मशीद का सुटली, हे मला माहीतच नव्हतं. गेले आठ महिने ते फजरला जात नव्हते. गुडघे दुखत असतील, असं आम्ही घरात धरून चाललो होतो. खरं कारण वेगळं होतं. लघवी थेंब थेंब गळत होती. कपडे पाक राहत नाहीत, वुजू टिकत नाही, मग सफमध्ये उभं कसं राहायचं? अब्बांनी तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टरकी केली. लघवी दाबून धरणं ही नोकरीचीच सवय. तीच सवय त्यांनी या दुखण्याबाबतही लावून घेतली होती.

आमच्या मशिदीतल्या मौलानांकडे मी त्यांना घेऊन गेलो. मौलानांनी दोन गोष्टी सांगितल्या. आजाऱ्याला रोज्यातून सवलत खुद्द सूरह बकरामध्ये आहे. सुटलेले रोजे बरं झाल्यावर ठेवावेत आणि ते कधीच जमण्यासारखं नसेल तर फिदिया द्यावा. दुसरं म्हणजे ज्याचं लघवीचं गळणं थांबतच नाही, त्याला फिकहमध्ये माजूर म्हणतात. त्याने प्रत्येक नमाजाच्या वेळी नव्याने वुजू करावा आणि नमाज पढावी. मग ते अब्बांना म्हणाले, “हे विचारायला आठ महिने का लावलेत?”

हा प्रश्न मला फक्त अब्बांसाठी वाटला नाही. मी रोज त्यांच्याच घरात जेवत होतो, मीही विचारलं नव्हतं. अम्मीला तर आजाराचं नावसुद्धा आम्ही उशिरा सांगितलं. हार्मोनच्या इंजेक्शनांनी अंगातून वाफा येतात, इच्छा कमी होते, माणूस चिडचिडा होतो. हे सगळं ज्या बाईला सोसायचं, तिलाच डॉक्टरांसमोर बसवलं नव्हतं. यात धर्माची अडचण कुठेच नव्हती. धर्माने वाट ठेवली होती, विज्ञानानेही. अडवणारी होती ती आमच्या घरातली लाज.

लघवीचा प्रत्येक त्रास कॅन्सर नसतो. उतारवयात ही ग्रंथी बहुतेकदा साधीच वाढते. उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अनेकदा काहीच जाणवत नाही. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही ते वाढतं. म्हणून घाबरायचं नाही, पण अंदाजही बांधत बसायचं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या वडिलांना, चाचांना, मामूंना विचारा: रात्री किती वेळा उठता? धार बारीक झाली का? लघवीत रक्त दिसलं का? आणि डॉक्टरांकडे सोबत जा. मुलगा नसेल तर मुलीने जावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मशिदीच्या कमिट्यांनाही एक विनंती आहे. रमजानच्या आधीच्या एखाद्या जुम्म्याला एक डॉक्टर बोलवा आणि औषधं, रोजे आणि माजूर या विषयांवर लोकांशी उघड बोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंब्र्याहून निघताना अम्मीने पिशवीत अर्धा लिटरची बाटली ठेवली आणि यावेळी तीही सोबत आली. परळला पोहोचल्यावर अब्बा लोकांकडे पाठ करून बसले आणि बिस्मिल्ला म्हणून घोट घोट पाणी प्यायले. पाऊण तासाने आत गेले. तंत्रज्ञाने दारातून अंगठा दाखवला. आठ महिन्यांनी, त्या शुक्रवारी, ते जुम्म्याला गेले.