हवा किती, चाक किती वाकडं

सेकंड हँड गाडीचे कागद कसे तपासावेत यावर मागच्या वेळी लिहिलं, त्यानंतर आलेल्या निरोपांमध्ये एक मळमड्डीतल्याच काकूंचा होता. त्यांच्या मुलाने जुनी अबार्थ पुंतो घेतली आहे आणि एक शनिवार सोडून मित्रांना घेऊन गोव्याला जातो. काकूंनी लिहिलं होतं, "इंजिनाचं सगळं तो बघतो, पण टायरकडे कोण बघतं? आणि मी बघायला गेले तर मला काय कळणार?"

काकू, प्रश्न अगदी नेमका आहे. यूट्यूबवर रीमॅप आणि एक्झॉस्टचे व्हिडिओ ढिगाने मिळतात. टायरमधल्या हवेवर व्हिडिओ केला तर तो कोण बघणार?

आधी गाडीविषयी. अबार्थ पुंतो २०१५ साली आली. पुण्याजवळ रांजणगावला बनायची. १.४ लिटर टर्बो इंजिन, १४५ बीएचपी, १९५/५५ आर १६ टायर. शुद्धतावादी लोक म्हणतील की ही स्पोर्ट्स कार नव्हे, हॅचबॅक आहे. खरी दोन सीटांची म्हणावी अशी आपल्याकडे सॅन मोटर्सची 'स्टॉर्म' होती, फायबरग्लासच्या अंगाची. पण तिला रेनोचं ११४९ सीसी इंजिन होतं आणि ताकद ६० बीएचपी. रूप एकीला, दम दुसरीला, असा हा प्रकार. आपल्या कामासाठी व्याख्या सोपी ठेवू: जी गाडी वळणावर जोरात घालायचा मोह होतो ती स्पोर्ट्स कार.

आता एक ढोबळ हिशेब. माणसं बसलेली अशी गाडी साधारण १३०० किलो धरा. एका चाकावर सव्वातीनशे किलो आले. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला की १४० चौरस सेंटिमीटर येतात. पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं (ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी आजीच्या ट्रंकेत शोधावं). म्हणजे पोस्टकार्डाहून जरा मोठे असे चार तुकडे रस्त्याला टेकलेले असतात. ब्रेक, स्टिअरिंग, १४५ घोडे, सगळा व्यवहार त्या चार तुकड्यांमधून होतो. हवा आणि अलाइनमेंट ठरवतात ते एवढंच, की हे तुकडे रस्त्यावर सपाट आणि सरळ टेकतात की नाही.

हवेचं आधी. पंपावर पोरगा विचारतो, "एष्ट हाकली री?" आणि आपण सवयीने "मूवत्तमूरु" म्हणून मोकळे होतो. तेहतीस हा काही मंत्र नव्हे. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत लिहिलेला असतो. पुढचा वेगळा, मागचा वेगळा, चार माणसं आणि सामान असेल तर आणखी वेगळा. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तिचा तुमच्या गाडीशी संबंध नाही. आणि आकडा नेहमी थंड टायरचा. घरून निघून दोन-तीन किलोमीटरच्या आत मोजा. गोव्याहून परत येऊन लगेच मोजली तर चार-पाच पीएसआय जास्त दिसतात. ते बघून हवा सोडणारे लोक मी पाहिले आहेत. ती सोडू नये.

उन्हाळ्यात हवा फुगून टायर फुटतो म्हणून आधीच कमी भरावी, हा समज आपल्या घराघरात आहे. प्रत्यक्षात उलट होतं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला दुमडते आणि उलगडते. तार हाताने वाकवत राहिलं की गरम होऊन तुटते, तसंच. वेग वाढला की ही उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि अपघातांच्या बातम्यांमागोमाग टायर फुटण्याची चर्चा सुरू झाली. मग परिवहन विभागाची माणसं गाड्यांचे टायर तपासू लागली, झिजलेल्यांना परत पाठवू लागली. गावात वर्षानुवर्षं चाळिसाच्या वेगाने निमूट चाललेला टायर तासाला १२० किलोमीटरवर आपलं वय सांगतो.

पुढच्या आणि मागच्या चाकांतला फरक किती महत्त्वाचा असतो, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. शेवरलेची कॉर्वेअर, १९६० चं मॉडेल, इंजिन मागच्या बाजूला. कंपनीने थंड टायरसाठी पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय सांगितली होती. जड शेपूट आवरून धरण्याचा भार त्या फरकावर टाकला होता. पण पंपावरच्या माणसाला एका गाडीसाठी वेगळा आकडा कुठून माहीत असणार? त्याने चारही चाकांत सारखी हवा भरली की वळणावर मागची बाजू पुढे यायला बघायची. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच गाडीवर आहे. पुढे १९७२ मध्ये सरकारी तपासणीत असं निघालं की कॉर्वेअर तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. तरी मला नेडर यांचं म्हणणं पटतं. गाडीची सुरक्षितता पंपावरच्या अनोळखी माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून ठेवली, तर तो घोळ डिझाइनचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो आणि नंतर 'यूजर एरर' म्हणतो.

आता अलाइनमेंट. यात तीन शब्द येतात. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं किंचित आत वळलेली आहेत की बाहेर. काही माणसं पावलं आत टाकून चालतात, काही फेंगडी, तसंच. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक वरच्या बाजूला आत झुकलंय की बाहेर. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या फोर्कचा तिरकेपणा, ज्यामुळे हँडल सोडलं तरी ते सरळ यायला बघतं.

यातला सगळ्यात खर्चिक टो. चाक सरळ रेषेपासून फक्त ०.२ अंश वळलेलं असेल तर दर किलोमीटरला ते साडेतीन मीटर आडवं घासत जातं. धारवाडहून अळणावर, लोंढा, अनमोड करत पणजी साधारण १६० किलोमीटर. म्हणजे तिथे पोचेपर्यंत तो टायर अर्धा किलोमीटरहून जास्त आडवा फरफटलेला असतो. परतीचं वेगळं.

काकू, हे तुम्हाला हाताने कळेल. गाडी थंड असताना टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून किसणीसारखं टोचलं तर टो बिघडला आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगून पुढच्या चाकाची आतली कडा बघा. उभ्याने ती दिसत नाही आणि नेमकी तीच आधी जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, फक्त मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. शेवटी टायरच्या भिंतीवर चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हौसेच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर आणि रबर म्हातारं अशी जोडी त्यांच्यात हमखास सापडते. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर संपला. पावसाळ्यात तोवर थांबू नये.

मुलासाठी वेगळं सांगतो. ट्रॅकवर गाडी पळवणारे दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर ठेवतात, कारण वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाक त्यामुळे सपाट बसतं. मळमड्डी ते ऑफिस या रस्त्यावर चिगरी बसच्या बाजूने रांगत जाताना तेच सेटिंग टायरची आतली कडा खाण्यापलीकडे काही करत नाही. तुझ्या गाडीत ते सहज होणारही नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. अलाइनमेंटवाल्याला फिरवता येतो तो फक्त पुढचा टो. मंडळातल्या ज्यांचे चुलतभाऊ परदेशात माझ्दा एमएक्स-५ बाळगून आहेत त्यांची गोष्ट निराळी. त्या गाडीत चारही चाकांचा कॅम्बर आणि टो बोल्ट फिरवून लावता येतो, आणि १९८९ च्या पहिल्या पिढीच्या हलक्या गाडीला हवाही फक्त २६ पीएसआय लागते. त्यांचे आकडे आपल्या गाडीत घालू नयेत. आपल्या गाडीत कागदावर एका बाजूचा कॅम्बर लाल दिसला तर काहीतरी वाकलेलं आहे, लोअर आर्म नाहीतर स्ट्रट. ते बदलायचं. "ठोकून सरळ करून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं.

गेल्या वर्षी एका दुकानात मला सगळे आकडे हिरवे असलेला कागद मिळाला आणि गाडी बाहेर काढली तर स्टिअरिंग डावीकडे दहा अंश वाकडं. त्यांनी मोजण्याआधी स्टिअरिंग सरळ करून बांधलंच नव्हतं, हवाही बघितली नव्हती. क्रम असा असतो: आधी हवा, मग बुश आणि बॉल जॉइंटची ढील, मग स्टिअरिंग सरळ बांधणं, मग मशीन. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्यावेत. आपल्याकडे रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे गाडी हळूहळू डावीकडे सरकणं साहजिक आहे. उजवीकडे ओढत असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा. हुबळी-धारवाड बायपास वर्षानुवर्षं दुभाजकाशिवाय होता, तिथे किती घरांतली माणसं गेली हे इथे कोणाला सांगायला नको. अशा रस्त्यावर उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या टिप्परकडे.

गोव्याला उतरताना हवा बदलावी लागते का, असंही एकाने विचारलं होतं. धारवाड सुमारे ७५० मीटर उंचीवर. खाली गेल्यावर बाहेरचा दाब वाढतो, म्हणून गेजवर सव्वा पीएसआय कमी दिसायला हवी. पण इथे पहाटे २० अंश आणि तिथे ३० अंश धरले तर उष्णतेने दीड पीएसआयहून थोडी जास्त वाढते. बेरीज-वजाबाकी करून ३३ ची ३३.३ होते. निघायच्या आधी घरी मोजा, स्टेपनीसकट, आणि घाटात तिला हात लावू नका.