उपयोग काय हो त्याचा?

हा प्रश्न ज्या गृहस्थानं पहिल्यांदा विचारला, त्याला कुणीतरी माझ्या काउंटरवर पाठवा. मी त्याला बसायला सांगेन, पाणी देईन आणि मग सलग चार दिवस 'उद्या या' म्हणेन. बँकेतल्या माणसापाशी याहून जहाल अस्त्र नाही.

राग यायचं कारण घडलं डबा खाताना. मी समारिनाचा विषय काढला. समारिना ही नवी नटी नव्हे. ग्रीसच्या उत्तरेला, पिंडस पर्वतातल्या स्मोलिकास डोंगराच्या अंगावरचं ते गाव आहे. उंची १,४०० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा जास्त. मी तिथं गेलेलो नाही. आमचा प्रवासभत्ता इतक्या उंचीवर पोचत नाही. पण वेस आणि थॉम्सन हे दोन इंग्रज १९१० साली तिथल्या लोकांबरोबर खेचरांच्या तांड्यातून गेले आणि १९१४ साली त्यांनी त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते मी वाचलंय.

इथले लोक व्लाख. स्वतःला ते 'अर्मन' म्हणवतात. त्यांची अरोमानियन भाषा लॅटिनच्या पोटची, रुमानियनची बहीण. धंदा मेंढरांचा आणि खेचरांवरून मालवाहतुकीचा. हिवाळ्यात थेसलीच्या मैदानात मुक्काम, उन्हाळा आला की पोरंबाळं, भांडीकुंडी, मेंढरं घेऊन वर. आता खेचरांच्या जागी मोटारी आल्या. हिवाळ्यात गाव जवळजवळ रिकामं, आणि १५ ऑगस्टला मेरीमातेच्या सणाला पाय ठेवायला जागा नाही! म्हातारे-कोतारे, तरणेताठे हात धरून गोल नाचतात. तिथल्या चर्चच्या छपरातून पाइनचं झाड उगवलंय. मुळं कुठं आहेत ते दिसत नाही, झाड मात्र हिरवंगार.

"पण ती भाषा आता पोरं बोलत नाहीत फारशी," मी हळहळलो.

"मग बिघडलं कुठं?" आमचे हेडकॅशिअर उसळीत पाव बुडवत म्हणाले. "ग्रीक येतं, इंग्रजी येतं. त्या जुन्या भाषेचा उपयोग काय?"

झालं! माझं डोकं सणकलं.

अहो, डोक्यात एकच लॉकर असतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? नवी भाषा ठेवायची तर जुनी बाहेर काढा, हा नियम कुठल्या सर्क्युलरात आहे? तो खेचरवाला व्लाख घरी अरोमानियन बोलायचा, बाजारात ग्रीक बोलायचा, आणि पुढच्या मुलखात तिसरीच भाषा बोलून भाडं वसूल करायचा. त्याचा हिशेब कधी भाषेपायी चुकला नाही.

आणि भाषा आपोआप मरते म्हणता? तिला आधी लाजवतात, मग ती घरात तोंड लपवून बसते. मोस्कोपोलेचा दानिएल हा पाद्री घ्या. त्यानं चार भाषांचा शब्दसंग्रह केला, त्यात अरोमानियनही घातली. १८०२ ची त्याची प्रत आज अभ्यासकांना सोन्यासारखी. पण करण्याचा हेतू काय, तर इतरांनी आपापली बोली टाकून ग्रीक शिकावं! म्हणजे खातं उघडणाऱ्यानंच पहिल्या पानावर 'बंद' असा शिक्का मारला.

बरं, ही जुनी गोष्ट म्हणून सोडाल, तर पुढचं ऐका. १९९५ साली व्लाखांच्याच एका मेळाव्यात एका माणसानं एक पत्रक वाटलं. त्यात ग्रीसमध्ये ग्रीकखेरीज कोणत्या भाषा बोलल्या जातात त्यांची नुसती यादी होती, अरोमानियनसकट. २००१ साली कोर्टानं त्याला १५ महिन्यांची शिक्षा ठोठावली! डिसेंबरात अपिलात तो सुटला, हे खरं. पण यादीला शिक्षा? मग आम्हा कारकुनांना जन्मठेपच.

रुमानिया म्हणतो हे लोक आमचे, ग्रीस म्हणतो आमचेच. समारिनातले कित्येक जण स्वतःला ठामपणे ग्रीक म्हणवतात. म्हणवोत की! आजीची भाषा बोलल्यानं देशाभिमानात तूट येत नाही. युरोप परिषदेच्या सभेनं १९९७ साली शिफारस केली की ही भाषा शाळेत, छापखान्यात, चर्चमध्ये जगू द्या. शिफारस म्हणजे आमच्याकडचं 'योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले'. उत्तर मॅसिडोनियातल्या क्रुशेवो गावच्या नगरपालिकेनं मात्र तिला अधिकृत मान दिला. तिथं आभाळ कोसळलेलं नाही.

"आणि साहेब," मी हेडकॅशिअरांना म्हटलं, "तुमच्या हातातला पाव कुठला? पोर्तुगिजांचा. त्यांना तो शब्द लॅटिनमधून मिळाला. त्याच लॅटिन शब्दावरून समारिनाची आजी आपल्या भाकरीला हाक मारते. म्हणजे तुमचा पाव तिचा मावसभाऊ. तेव्हा जरा बेतानं चावा.

"दोन वर्षं व्यवहार नसला की आपण खातं निष्क्रिय म्हणतो. पैसे खाऊन टाकतो का? दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेकडे गेली, तरी वारस कागद घेऊन आला की द्यावीच लागते. आपण कधी त्याला विचारतो, 'उपयोग काय हो?' मग भाषेच्याच वारसाला का विचारता?"

हेडकॅशिअर गप्प झाले. उसळ संपली, वाटी पुसून झाली. उठता उठता म्हणाले, "ती भाकरीला काय म्हणते म्हणालात?"

"पनी."

"पनी," त्यांनी घोळवून पाहिलं आणि हात धुवायला गेले.

चला, खात्यात एक व्यवहार तर झाला.