हजार येनची भिंत आणि बदकाचा रस्सा

जपानमध्ये बदकाच्या रश्श्यातील रामेनला गिऱ्हाइकांची कमतरता नाही. पण त्याच देशात २०२४ मध्ये रामेनची दुकाने विक्रमी संख्येने दिवाळखोरीत निघाली. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन गोष्टींचे मूळ मात्र एकच आहे.

बदक पाठीवर कांद्याची पात लादून आपल्या पायांनी चालत आले, अशा अर्थाची एक म्हण जपानी भाषेत आहे. बदक आणि पात हे दोन्ही एकाच भांड्यात शिजवायचे जिन्नस. तेव्हा शिकार तर आयती सापडलीच, वर मसाल्याचीही सोय झाली, असा तिचा भावार्थ. सहज गंडवता येईल अशा भोळ्या गिऱ्हाइकाला उद्देशून ती वापरली जाते. टोकियोत उएनोजवळच्या ओकाचिमाची भागातील बदक-रामेनच्या एका प्रसिद्ध दुकानाने तर हीच जोडी आपल्या पाटीवर मिरवली आहे. 'कामो तो नेगी', म्हणजे बदक आणि पात, हे त्याचे नाव. रस्सा केवळ बदक, पात आणि पाणी यांचाच, ही त्याची जाहिरात. एका वाडग्यासाठी चढा दाम मोजणारे गिऱ्हाईक म्हणजे म्हणीतले बदक, असे कोणी म्हणेल. परंतु जपानच्या रामेन व्यवसायाचा जमाखर्च पाहिला, तर आयते कापले जाणारे बदक गल्ल्यामागे उभे असल्याचे दिसते.

रामेनच्या दुकानात जेवण म्हणजे फुरसतीचा कार्यक्रम नव्हे. दारालगतच्या यंत्रात पैसे टाकायचे, हव्या त्या पदार्थाचे तिकीट घ्यायचे, अरुंद फळीसमोरच्या मोकळ्या बाकावर बसायचे आणि वाडगा रिकामा होताच जागा सोडायची. शेवया आवाज करून सुरकणे तेथे शिष्टाचाराला धरूनच आहे. मिसळीची पारख जशी कटावरून, तशी रामेनची रश्श्यावरून. डुकराच्या हाडांचा रस्सा तासन्‌तास खळखळ उकळून पांढरा आणि दाट केला जातो. बदकाच्या रश्श्याची तऱ्हा बहुधा वेगळी असते. सांगाडे मंद आचेवर, पाणी गढूळ होऊ न देता शिजवायचे. वर सोनेरी चरबीचा पातळ तवंग राहतो आणि सोया सॉसचा खारटपणा तीत मुरतो. सोबतीला खरपूस भाजलेली पात आणि मधोमध गुलाबी राहील इतकेच शिजवलेले बदकाच्या छातीचे काप. पदार्थ साधा दिसतो. पण कोंबडी वा डुकराच्या हाडांपेक्षा बदक महाग, आणि आचेवरची नजर क्षणभरही हलवून चालत नाही.

बदकाला जपानी जेवणात मान आहे, तो फार जुना. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने निषिद्ध ठरवले. त्या यादीत रानबदक नव्हते. पुढे एदो काळात, म्हणजे आजच्या टोकियोत शोगुनांची सत्ता असताना, बदक आणि पात घातलेला गरम 'सोबा' रूढ झाला. कुट्टूच्या पिठाच्या शेवयांचा हा पदार्थ आजही साध्या सोब्यापेक्षा चढ्या भावाने विकला जातो आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

रामेनचे कुळ मात्र कष्टकऱ्यांचे. चिनी आचाऱ्यांनी आणलेल्या या शेवया १९१० मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागातील 'राइराइकेन' या दुकानामुळे लोकप्रिय झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत अमेरिकी गव्हाने त्यांना हात दिला. थोड्या पैशांत पोट भरणारा, घाम गाळणाऱ्यांचा पदार्थ ही ओळख तेव्हा पक्की झाली आणि तीच आज त्याच्या गळ्यातील लोढणे ठरली आहे. एका वाडग्याला हजार येनहून अधिक, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपासहून जास्त, मोजायला सामान्य जपानी ग्राहक सहसा तयार होत नाही. या अडसराला तेथे 'हजार येनची भिंत' असेच म्हणतात.

भिंत जागेवर आहे, खर्च मात्र थांबलेला नाही. जपान बहुतांश गहू आयात करतो. सरकार तो विकत घेऊन गिरण्यांना विकते. एप्रिल २०२२ मध्ये या गव्हाचा दर सरासरी १७.३ टक्क्यांनी वाढवण्यात आला. २०२४ मध्ये येन घसरून डॉलरला १६० च्याही खाली गेला आणि आयातीची प्रत्येक वस्तू महागली. त्याआधी २०२२-२३ च्या हंगामात बर्ड फ्लूमुळे सुमारे १ कोटी ७७ लाख पक्षी मारावे लागले आणि रामेनवरच्या अंड्याचा भाव कडाडला. किमान वेतनाची राष्ट्रीय सरासरी २०२४ मध्ये ताशी १०५५ येन झाली, २०२५ मध्ये ११२१. म्हणजे एका वाडग्याच्या किमतीत नोकराचा एक तासही निघेनासा झाला. त्यात ३ जुलै २०२४ रोजी नव्या नोटा चलनात आल्या. त्या ओळखता याव्यात म्हणून दारातली तिकीट यंत्रे दुरुस्त करणे वा बदलणे भाग पडले. हजार येनच्या नोटेवरचे चित्र बदलले, भिंत तीच राहिली. मात्र त्या बदलाचा भुर्दंड दुकानदाराला पडला.

परिणाम व्हायचा तोच झाला. 'तेइकोकु डेटाबँक' या पतमापन संस्थेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये रामेन व्यवसायातील ५३ दिवाळखोऱ्या नोंदल्या गेल्या होत्या; २०२४ मध्ये हा आकडा सत्तरीच्या पलीकडे गेला. त्या वेळी रामेनची सरासरी किंमत ७०० येनच्या आतच होती. शिवाय या मोजणीत किमान एक कोटी येनचे कर्ज असलेल्यांचाच समावेश असतो. म्हातारपणामुळे वा कंटाळून गुपचूप कुलूप लावणारे त्यात येत नाहीत.

बदकाच्या रश्श्याकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. ही केवळ चवीची टूम नव्हे, भिंतीला पाडलेले ते एक भगदाड आहे. नेहमीचा रामेन शंभर येनने महागला तर ग्राहक कुरकुरतो. बदक म्हटले की सोब्याची जुनी प्रतिष्ठा कामी येते आणि दाम रास्त वाटतो. सुगामोतील 'त्सुता'ला २०१६ च्या मिशलॅन मार्गदर्शिकेत तारा मिळाला, तेव्हाच रामेनला उंची हॉटेलांच्या पंक्तीत शिरण्याचा दरवाजा उघडला होता. पुढे असाच तारा पटकावणाऱ्या 'गिन्झा हाचिगो'चा आचारी मूळचा फ्रेंच पाककलेतला. त्याच्या रश्श्यातही बदक आहे, आणि दुकानात जागा अवघ्या सहा. २०२४ मध्ये जपानला आलेल्या सुमारे ३ कोटी ६८ लाख विदेशी पाहुण्यांना, दुबळ्या येनमुळे, हजार येनची भिंत जाणवतही नाही.

तथापि या भगदाडातून किती जण पार होतील? पर्यटकांची रांग गिन्झात आणि क्योतोत लागते. एखाद्या कारखान्याच्या गावात ती लागत नाही. तेथील दुकानदाराने बदक आणायचे म्हटले, तर खर्च आधी वाढतो आणि गिऱ्हाईक नंतर, तेही आले तर. बर्ड फ्लूपासून बदकपालनही मुक्त नाही. दुसरीकडे मध्यवर्ती स्वयंपाकघरातून रस्सा पुरवणाऱ्या मोठ्या साखळ्या घाऊक खरेदीच्या बळावर दर खाली ठेवतात. करव्यवस्थाही छोट्यांच्या बाजूची नाही. ऑक्टोबर २०१९ च्या बदलानंतर घरी नेलेल्या पाकिटबंद शेवयांवर ८ टक्के, तर दुकानात बसून खाल्लेल्या वाडग्यावर १० टक्के उपभोग कर लागू झाला.

ग्राहकाला कंजूष ठरवून मोकळे होणेही अन्यायाचे ठरेल. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जपानमधील वास्तव वेतन घटले. पगार हाती जास्त पडला तरी त्यात येणारा बाजार कमी झाला. अशा नोकरदाराने दुपारच्या जेवणात हात आखडता घेतला, तर नवल नाही. हजार येनची भिंत ग्राहकाच्या मनात असल्याचे सांगितले जाते; प्रत्यक्षात तिचा पाया त्याच्या पगारपत्रकात आहे.

ही भिंत इतकी वर्षे टिकली, याचे एक कारण म्हणजे पहाटे उठून रस्सा चढवणाऱ्या मालकाने आणि त्याच्या कुटुंबाने आपले तास कधी किमतीत धरलेच नाहीत. बदकाच्या रामेनने एक गोष्ट निश्चित दाखवून दिली: श्रम आणि जिन्नस डोळ्यांना दिसले, तर गिऱ्हाईक पैसे मोजते. पण कोपऱ्यावरच्या दुकानातील कोंबडीच्या साध्या रश्श्यामागे श्रम काही कमी नसतात. त्यांचे मोल ठरवणे जपानने आणखी लांबवले, तर बदकाचे चार वाडगे चढ्या भावाने विकले जातील. ज्यांच्यासाठी रामेन रुजला, त्यांच्या वाट्याला मात्र साखळी दुकानाचा वाडगा किंवा पाकिटातल्या शेवया, एवढेच उरेल.